दातावरचा बैल

१७ जानेवारी २००७
ही डायरी खताच्या दुकानदारानं दिली. त्याच्या दुकानाची पाटी मी रंगवली व्हती, सत्त्याऐंशी साली. आता तिथं फ्लेक्स लावलाय. डायरी देताना नजर चुकवत व्हता. म्हणलं दे, तुझ्या फ्लेक्सला काय माझा शाप नाय.

लिहायचं कारण एकच. आठ महिने झाले, हातात ब्रश नाय. शेवटचं काम म्हणजे आमच्या बोरीच्या पाण्याच्या टाकीवर आकडे टाकले. हात बसून राह्यला की गंजतो, म्हणून आठवड्यातनं एखादं पान भरायचं. मी सातवी नापास. पण अक्षर माझं ओतूरपासून घोडेगावपर्यंत शाळांच्या भिंतीवर, ट्रॉल्यांवर, टेम्पोवर हाय. खाली कोपऱ्यात 'हौशीराम पेंटर, बोरी बु॥'. सहासष्ट वय झालं. बास, आज एवढंच.

२ फेब्रुवारी
बायको कुशा ओतूरच्या बाजाराला गेली ती दोन तास उशिरा आली. म्हणली, झुबेदाभाभीकडं बसले व्हते. झुबेदा म्हणजे बदरुद्दीनची बायको. बदरुद्दीन आन मी तीस वर्षं जोडीनं कामं केली. तो भिंतीवर सुतानं रेघा मारायचा, मी अक्षरं भरायचो. त्याला जाऊन तीन वर्षं झाली. इचारलं, एवढं काय बोलत बसला दोघी? तर म्हणली, बायकांचं काय, असतं काहीतरी. असंल.

मग मलाच इचारती, "तुमी परत तंबाखू मळायला लागला का?"
म्हणलं, सोडून वीस वर्षं झाली.
"मग अंगठा कशापायी हलतोय?"
बघितलं तर खरंच. बसल्या बसल्या उजवा अंगठा बोटावर फिरत व्हता. रिकामा हात, काय करणार.

९ फेब्रुवारी
बदरुद्दीनचा पोरगा कैफ आला. दोन लेकरांचा बाप झालाय. पुण्यात दात करायचं शिकला, ओतूरला एका दुकानाच्या माडीवर त्याची लॅब हाय. डॉक्टर दात बसवतो, पण घडवतो हा. हे मला आजच कळलं. मला वाटायचं दात कंपनीतनं येत्यात, बल्बसारखे.

"चाचा, काम हाय. बारीक ब्रशचं."
"किती बाय किती?"
त्यानं खिशातनं डबी काढली आन डबीतनं एक दात. "एवढ्यावर."

मला वाटलं पोरगं थट्टा करतंय. पण नाय. पुण्याची नवी टूम हाय म्हणे. दाताला टोपी बसवायची असंल तर त्या टोपीवर चांदणी काढायची, बदाम काढायचा, फुलपाखरू काढायचं. मग भट्टीत घातलं की रंग पक्का. कालेजातली पोरं आता ओतूरात बी मागायला लागल्यात. दातावरचं गोंदणच म्हणा.

म्हणलं, "आरं, दात चावायला असतो. त्याच्यावर कसली नक्षी?"
"चाचा, तुमी ट्रकच्या मागं मोर काढायचा. तो काय डिझेल वाचवायला?"
कुशा तोंडाला पदर लावून हसली. मी म्हणलं, सोमवारी येऊन बघतो. नुसतं बघतो.

१२ फेब्रुवारी
आळेफाट्याला गाडी बदलून ओतूर. लॅब म्हणजे एक खोली. टेबलावर लोकांच्या जबड्यांचे प्लॅस्टरचे साचे मांडलेत, सगळे दात विचकून बसलेले. कोपऱ्यात भट्टी, मिक्सरपेक्षा थोडी मोठी. ब्रशला केस मोजून सात-आठ. वर भिंग लावलेलं.

फेकून द्यायच्या टोप्यांवर हात चालवून बघितला. पहिलं फुलपाखरू दाताच्या बाहेर गेलं. कैफ म्हणला, "चाचा, हे गिधाड झालं." पुसलं. भट्टीत जाईपर्यंत रंग बोटानं पुसता येतो, ही सोय बरी हाय. भिंतीला ती नव्हती.

सहा काढली, सहाच्या सहा पुसली. तरी बरं वाटलं. हे लिहिलं, पण कुशाला सांगणार नाय.

२६ फेब्रुवारी
एका पोरीच्या दातावर चांदणी गेली. दुसरीच्या दातावर बदाम. त्या बदामाच्या पोटात 'एस' पाहिजे व्हता. एस कोण ते मी इचारलं नाय.

११ मार्च
हात बारीक व्हायला लागला. आज तिळाएवढा मोर काढला. कैफनं भिंगाखाली धरला आन फिरवून फिरवून बघितला. मग म्हणला, "पुण्यात एवढं बारीक कुणी काढत नाय, चाचा." मी म्हणलं, पंचेचाळीस वर्षं काय झाडू मारला का?

घरी येऊन ही डायरी चाळली. जानेवारीत एका पानावर चौदा ओळी मावत व्हत्या. आता तीस मावत्यात. कामाचा गुण असा अंगात उतरतो. ज्यांनी फ्लेक्स लावले त्यांनी येऊन बघावं.

२० मार्च
पतसंस्थेत सही जुळंना. काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "आजोबा, जुनी सही मोठी हाय. ही मुंगीएवढी, आन शेवटाकडं तर दिसतच नाय." म्हणलं, माणसानं सुधारू बी नाय का? तीनदा करायला लावली. तिसरी आणखी बारीक आली. शेवटी मॅनेजर वळखीचा निघाला.

टर्पेंटाइनमध्ये भेसळ करायला लागलेत. नवा डबा फोडला, वासच नाय. कुशानं हुंगला आन तोंड फिरवलं. म्हणली, नाक जळलं माझं. बायकांची नाकं नाजूक.

४ एप्रिल
आज खरं काम आलं.

स्टँडसमोर डॉक्टर शीलाचा दवाखाना हाय. कैफनं घडवलेले दात तीच बसवते. तिथं सयाजी बसला व्हता. घोडेगावच्या पल्याडच्या वाडीचा, नावाजलेला गाडामालक. त्याचा बैलगाडा शर्यतीच्या घाटात पळायला उतरला की लोक जेवण टाकून बघायला जायचे. मी त्याच्या बैलांची शिंगं नऊ वर्षं पोळ्याला रंगवलीत. म्होरचे वरचे दोन दात मुळाशी तुटलेले, त्यामुळं बोलताना वारा जात व्हता.

"पेंटर, पाखऱ्या गेला."
मला ठाऊक नव्हतं. मी खाली बसलो.
"जुंपताना मान वर फेकली, तवा माझे हे दोन पाडले. आन त्याच्या पुढच्याच महिन्यात पोट फुगून गेला. डॉक्टर आला तवर पाय ताठ झालं व्हतं." थोडा थांबला. "दात त्यानं पाडले. आता दातावर त्यालाच बसवायचा."

फोटो काढला खिशातनं. फोटोत धुरळाच जास्त, बैलाचं एक शिंग दिसतंय.
"मला फोटो नको," मी म्हणलं. "त्याच्या कपाळावरचं पांढरं माझ्या हाताखालनं गेलंय."
"म्हणून तर आलो. दुसरं कोण काढणार? बायको म्हणते, माणसाचं बी एवढं सुतक कुणी धरत नाय. लोक हसत्यात."
"हसू दे."
"वाडीची यात्रा दोन मेला हाय. तवर तोंडात पायजे. घाटात त्याच्याशिवाय उभा राहणार नाय मी."

शब्द दिला. चांदण्या-बदाम ठीक हाय, पण हे माझ्या नावाचं काम. चुकलं तर पुन्हा ब्रश धरायला तोंड राहणार नाय.

निघताना डॉक्टर शीला म्हणली, "काका, जरा दारापर्यंत चालून दाखवता का?" म्हणलं, मी काय घोडा हाय का? ती म्हणली, उजवा हात हलत नाही तुमचा चालताना. म्हणलं, बाई, हात काम करायला असतो, झोके घ्यायला नाय. दाताची डॉक्टर, तिनं हाताकडं कशाला बघावं.

१५ एप्रिल
पाच टोप्या वाया गेल्या. मी तोंडापासनं सुरू करतो. मस्तक झ्याक येतं. शिंगं, कपाळावरचं पांढरं, डोळा, सगळं तोच. पण पाठीवरनं शेपटाकडं जाईपर्यंत बैल निमुळता व्हत जातो. मागचे पाय तर नुसत्या दोन रेघा.

पहिल्यांदा चिडलो. मग भिंगातनं नीट बघितलं आन ध्यानात आलं. बैल घाटात समोरनं अंगावर येतो तवा असाच दिसतो. म्होरं मोठा, मागं बारीक. मी ठरवलं नव्हतं, हातानंच ठरवलं. हाताला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

२२ एप्रिल
पाखऱ्या काढून झाला. लाईट सकाळपासनं नव्हती. लोडशेडिंगचं वेळापत्रक रोज बदलतंय. कैफ म्हणला, "तुमी चारच्या गाडीनं जावा चाचा, लाईट आली की भट्टी मी लावतो." तसं रोजचंच हाय. भट्टी मी गेल्यावरच लागते.

जिना उतरताना पाय अडकल्यासारखे झाले. नवी चप्पल जड हाय.

२४ एप्रिल
भट्टीतनं निघालेला पाखऱ्या बघितला. अंगावर येतोय तसाच हाय, पण मागची मांडी भरली व्हती. पाय नुसत्या रेघा राह्यल्या नव्हत्या, खूर दिसत व्हते. कैफला इचारलं. तो साचे पुसत म्हणला, "भट्टी रंगाला उठाव देते, चाचा."
असंल. मला रंगाचं कळतं, भट्टीचं नाय.

१ मे
सयाजीला दात बसवला. आरसा हातात घेऊन बसला तो बसलाच. मग जीभ फिरवून म्हणला, "गार लागतोय." हसला आन हसता हसता डोळे पुसायला लागला. डॉक्टर शीलानं पाणी दिलं. त्यानं आरसा तिरका करून पाखऱ्याचं मागचं अंग लई येळ बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, कैफकडं बघितलं.

जाताना म्हणला, "दुसऱ्या दाताची जागा मोकळीच हाय. त्याच्यावर चंद्या काढा." चंद्या म्हणजे पाखऱ्याचा जोडीदार. तो जिता हाय, पण दुसऱ्या बैलाबरोबर जुंपू देत नाय. मान खाली घालून बसतो.

घरी येताना एसटीत मी उभाच व्हतो. बसावं असं वाटंना. इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

३० मे
पाखऱ्याचं नाव झालं. सयाजी यात्रेत ज्याला त्याला तोंड उघडून दाखवत व्हता म्हणे. आणखी दोन गाडामालक येऊन गेले. एकाचे दात शाबूत हायेत, तरी इचारत व्हता एक पाडून घेऊ का. डॉक्टर शीलानं त्याला हाकलला.

१२ जून
चंद्या जमंना. चंद्या पाखऱ्यासारखा नाय. तो पळताना बी उभा असल्यागत वाटायचा. सगळीकडनं सारखा, भरीव, शांत. मी उभा काढायला बसतो आन तो अंगावर येतो. म्होरं मोठा, मागं नाहीसा. आठ टोप्या झाल्या. मला एकच बैल काढता येतो का काय? आज डोकं बी कालच्यापेक्षा बारीक आलं.

कैफ म्हणतो, ठेवून जावा चाचा, भट्टीत बघू. भट्टी काय मांडी भरून देणार हाय का? पण देते. कालचा एक भट्टीतनं निघाला तो बरा निघाला.

१९ जून
चारची गाडी आलीच नाय. अर्धा तास उभा राहून परत लॅबवर गेलो. दार उघडं व्हतं. कैफ खिडकीच्या उजेडात बसला व्हता, माझा चंद्या चिमट्यात धरून. ब्रशनं मागची मांडी भरत व्हता.

त्याला मी दिसलो नाय. मी दारातच उभा राह्यलो. खरं तेच लिहितो, राग मागनं आला. आधी वाटलं, काय झ्याक भरतोय पोरगं.

मग म्हणलं, "किती दिवस?"
त्याच्या हातनं ब्रश पडला. "चाचा..."
"किती दिवस, इचारतोय."
"मार्चपासून."
"पाखऱ्या?"
खाली बघितलं त्यानं. "डोळ्याला, शिंगांना, कपाळाला कधीच हात नाही लावला चाचा. अल्लाकसम. फक्त मागचं."

मी लई बोललो. ते लिहीत नाय. शेवटी म्हणलं, "तुझ्या बापानं तीस वर्षांत माझ्या अक्षराला बोट लावलं नाय."
त्यानं पडलेला ब्रश उचलला. मग हळूच म्हणला, "लावायचे, चाचा. तुमी चहाला गेला की वेलांट्या सरळ करायचे. घरी येऊन अम्मीला सांगायचे, हसायचे."
"खोटं."
"खोटं असू दे," तो म्हणला.

पायीच निघालो. कुणाची तरी जीप भेटली.

२४ जून
लॅबवर गेलो नाय. डायरी बी उघडली नव्हती. घरी बसून एका कागदावर चंद्या काढायचा म्हणलं, पेन्सिलनं, मोठा. कागद मोठा, बैल बोटाएवढा. परत काढला. नखाएवढा.

कुशाला बोलावलं. दोन्ही दाखवले. ती माझ्याकडं न बघता म्हणली, "मला जानेवारीपासनं दिसतंय. सही, चालणं, अंगठा. तुमाला सांगून ऐकणार कोण? म्हणून झुबेदाभाभीला सांगितलं व्हतं, कैफला म्हणावं काहीतरी काम दे, नायतर हा माणूस असाच भिंतीकडं बघत बसंल."
"म्हणजे भीक मागितली."
"काम मागितलं. तुमी मागितलं नसतं."
भाकरी थापायला निघून गेली. मी जेवायला उठलो नाय. तिनं बी ताट वाढून घेतलं नाय, तवा मग जेवलो.

बदरुद्दीन वेलांट्या सरळ करायचा का? त्याला आता इचारायचं कसं.

३ जुलै
डॉक्टर शीलाकडं स्वतः गेलो. म्हणलं, बाई, चालून दाखवतो. चाललो. मग तिनं कागद दिला. "काका, नाव लिहा. खाली परत. परत." सहा वेळा लिहिलं. पहिला हौशीराम तांदळाएवढा, सहावा मोहरीएवढा. कागद तिनं माझ्या म्होरं ठेवला. मला वाटत व्हतं कामानं हात बारीक झाला. हात बारीक झाला नव्हता, हात जात व्हता.

तिनं पुण्याच्या डॉक्टरला चिठ्ठी दिली.

१६ जुलै
पुण्याला जाऊन आलो, कुशा बरोबर व्हती. डॉक्टरनं कोपर वाकवून बघितलं. सरळ वाकंना, टप टप अडकत आलं. कंपवात म्हणला.
म्हणलं, "कंप कुठाय? अंगठा तेवढा हलतो. कंप नाय तर कंपवात कसा?"
"थरथर नंतर येईल, काका. तुमच्यात आधी आखडणं आलं."
"बरा कवा व्हणार?"
"गोळ्यांनी सोपं जाईल. बरा होत नाही."
सरळ सांगितलं, हे बरं केलं. इचारलं, वास? म्हणला, तोही यातलाच. म्हणजे टर्पेंटाइनवाल्याला उगाच शिव्या दिल्या.

कुशानं ह्या पानांवर पट्टीनं रेघा मारून दिल्यात. रेघ असली की अक्षर थोडं तग धरतं.

२९ जुलै
सयाजीच्या वाडीला गेलो, कैफला घेऊन. त्याला निरोप मीच धाडला. एवढंच म्हणलं, ये. मंचरला त्यानं चहा आणला, कप अर्धाच भरलेला, सांडू नये म्हणून. बोललो नाय, पण बघितलं.

गोठ्यात चंद्या एकटा. बाजूची दावण रिकामी. सयाजीनं पाणी दाखवलं, त्यानं तोंड लावलं नाय.

मी म्हणलं, "सयाजी, तुझ्या तोंडातला बैल सगळा माझा नाय. मागचं अंग कैफनं काढलंय. मला उशिरा कळलं. शब्द मी दिला व्हता, म्हणून सांगायला आलो. नको असंल तर टोपी काढून टाक."
"मला माहिती हाय."
"कुणी सांगितलं?"
"सांगायला कशाला पायजे? नऊ वर्षं गाडा मी हाकलाय, पेंटर. हाकणाऱ्याला बैलाचं तोंड कवा दिसतं? मागचंच दिसतं. आरसा बघितला तवाच म्हणलं, मांडी दुसऱ्या हाताची हाय."
"मग बोलला का नाय?"
"चुकली असती तर बोललो असतो."
कैफ गोठ्याच्या मेढीला टेकून उभा व्हता. त्यानं तोंड बाहेर फिरवलं.

सयाजी म्हणला, "पण डोळा तुमचा हाय. पाखऱ्या बघतोय तो तुमच्यामुळं. ह्याचा डोळा कोण काढणार आता? हा बी किती दिवस टिकतो काय माहिती. वैरण खात नाय."
मी चंद्याच्या कपाळावर हात ठेवला. हात थरथरला. बैल हलला नाय. त्याच्या डोळ्यात लई येळ बघत बसलो. कैफला म्हणलं, तू बी बघ. तो म्हणला, बघतोय. म्हणलं, बघत नायस, मोजतोयस. माप नको घेऊ. नुसतं उभा राहा त्याच्या म्होरं.

तो उभा राह्यला. पाऊण तास.

८ ऑगस्ट
लॅबवर गेलो. ब्रश मी धरला नाय. टेबलाच्या ह्या अंगाला स्टूल घेऊन बसलो, भिंग मधी ठेवलं.

कैफनं अंग काढलं. पाठ, वशिंड, मांडी. मला काय सांगायला लागलं नाय, त्याचा हात भरीवच हाय. मस्तक काढताना दोनदा शिंग वळवायला लावलं. चंद्याचं डावं शिंग थोडं आत येतं, ते त्याला दिसलं नव्हतं. मग डोळा.

पहिला डोळा काढला. मी बोट पुढं करून पुसला. "हा पाखऱ्याचा हाय. तू माझी नक्कल करतोयस."
दुसरा काढला. पुसला. "हा घाबरलाय. चंद्या घाबरत नाय."
तिसरा लई चांगला व्हता. दुसऱ्या कुणाच्या बैलाला चालला असता. तो पुसताना माझंच बोट जड झालं. हात थरथरत व्हता, पण पुसायला थरथरता हात बी चालतो. कैफनं कपाळावरचा घाम पुसला. म्हणला, "चाचा, मग कसा?"
म्हणलं, "तो कुणाकडं बघत नाय. बाजूला कोण नाय, तिकडं बघतो."

त्यानं ब्रश धुतला. डोळे मिटून बसला थोडा येळ. मग वाकला आन एकदाच ब्रश टेकवून डोळा काढला.

मी भिंगातनं बघितलं. चष्मा पुसून परत बघितलं. कैफ माझ्या बोटाकडं बघत व्हता. मी हात टेबलाखाली मांडीवर ठेवला.

"लाईट हाय तवर भट्टी लाव," म्हणलं.